खोडी काढणारे पुष्कळ, पाठीशी राहणार कोण?

मिलानच्या शेअर बाजारासमोरच्या चौकात पांढऱ्या संगमरवराचा एक हात उभा आहे. चौथऱ्यासकट उंची ११ मीटर. दगड काराराचा, मायकेलअँजेलो ज्या डोंगरांतून दगड निवडून आणायचा तिथला. मनगटाच्या शिरा, नखाच्या कडा, कातडीच्या सुरकुत्या, सगळं अभिजात शिल्पात असावं तसं निगुतीनं कोरलेलं. फक्त मधलं बोट सोडून बाकीची बोटं छाटून टाकलेली आहेत. त्या उरलेल्या एका बोटाचा अर्थ पुण्यात कुणाला समजावून सांगायला नको. सिग्नल सुटला की तो रोज समजतो.

मौरित्सिओ कातेलान या इटालियन कलावंतानं हे शिल्प २०१० साली तिथं बसवलं आणि त्याला नाव दिलं ‘लव्ह’. मागची शेअर बाजाराची इमारत १९३२ सालची, मुसोलिनीच्या काळातली. त्यामुळे पुढे केलेल्या हाताचा तो जुना फॅसिस्ट सलाम आणि त्याची बोटं काळानं झडून गेलेली, असंही ते शिल्प वाचता येतं. आणखी गंमत म्हणजे हाताचा रोख बाजाराकडे नाहीच. त्याची पाठ बाजाराला आणि तोंड चौकाकडे. मग शिवी बाजाराला आहे की बाजाराकडून आपल्याला? कातेलाननं हे मुद्दाम मोकळं सोडलं.

परवानगी काही दिवसांपुरतीच होती. ती दिली तेव्हा महापौरपदावर लेतित्सिया मोराती होत्या, उजव्या आघाडीच्या आणि तेलव्यवसायातल्या एका बड्या घराण्याच्या सूनबाई. बाजारातल्या मंडळींनी नाकं मुरडली. तरी मुदत वाढत गेली. कातेलान म्हणाला, शिल्प शहराला देऊन टाकतो, पण ते याच चौकात राहायला हवं. पुढे सत्ता पालटली, डाव्या आघाडीचे महापौर आले आणि हात तिथंच कायम झाला. म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन पक्षांनी, आपल्याच शहराच्या तिजोरीसमोर उभी असलेली शिवी सांभाळली. मला या सगळ्या प्रकरणात बोटापेक्षा त्या परवानगीच्या कागदाचं कुतूहल जास्त वाटतं. तसा कागद पुणे महापालिकेच्या कुठल्या टेबलावरून निघाला असता, आणि निघाला असता तर किती दिवस टिकला असता?

पुण्यात थट्टेखोर कला रुजत नाही, आपण फार गंभीर आणि भावना दुखवून घेणारे लोक आहोत, असं म्हणायची एक सोपी पद्धत आहे. मला ते पटत नाही. खोडी काढण्याची अक्कल या गावात वारेमाप आहे. नाही ती खोडीची जबाबदारी घेणारी संस्था. कातेलानची चाळीसेक वर्षांची कारकीर्द मी जेवढी वाचत गेलो तेवढं हेच दिसत गेलं, की त्याच्या प्रत्येक गाजलेल्या उचापतीमागे कुणीतरी दुसरा माणूस आपली खुर्ची, आपली भिंत किंवा आपली अब्रू पणाला लावून उभा होता.

कातेलान १९६० साली पादुआत जन्मला. वडील ट्रक चालवायचे, आई साफसफाईची कामं करायची. कलाशाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही. शवागारासकट मिळेल तिथं नोकऱ्या केल्या, मग फर्निचर बनवायला लागला आणि तिथून कलेत घुसला. १९८९ मध्ये बोलोन्यात त्याचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन ठरलं. दाखवण्यासारखं काही सुचेना, तेव्हा त्यानं गॅलरीला कुलूप लावलं आणि दारावर पाटी टांगली: ‘लगेच येतो’. एवढंच प्रदर्शन. इतकी पुणेरी कलाकृती इटलीत व्हावी याचा मला थोडा हेवाच वाटतो.

पुढच्याच एका प्रदर्शनाआधी पुन्हा हात रिकामे. यानं पोलीस चौकी गाठली आणि तक्रार नोंदवली, की माझ्या गाडीतून एक अदृश्य शिल्प चोरीला गेलं आहे. हवालदारानं रीतसर टाइप करून, शिक्का मारून दिलेली ती तक्रार फ्रेम करून भिंतीवर लावली. १९९२ मध्ये त्यानं देणगीदारांकडून १०,००० डॉलर गोळा केले. जो कलावंत वर्षभर कुठेही काही प्रदर्शित करणार नाही त्याला ही शिष्यवृत्ती. कुणी घ्यायला पुढे आलं नाही, तेव्हा त्याच पैशात हा न्यूयॉर्कला गेला. १९९३ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, मिळालेली जागा त्यानं एका जाहिरात कंपनीला भाड्यानं दिली आणि तिथं अत्तराचं होर्डिंग लागलं. पॅरिसचा गॅलरीवाला एमानुएल पेरोताँ याला १९९५ मध्ये त्यानं गुलाबी सशाचा एक पोशाख शिवून दिला. आकार असा की घरच्यांसमोर वर्णन करता येणार नाही. तो घालून पेरोताँनं प्रदर्शनभर स्वतःच्याच गॅलरीत वावरायचं, ही कलाकृती. १९९९ मध्ये मिलानचा गॅलरीवाला मास्सिमो दे कार्लो याला त्यानं चिकटपट्ट्यांनी थेट भिंतीला डकवून टाकलं.

या पोरकटपणात मोठं काय, असं विचारलं जातं. मला यात मोठं वाटतं ते त्या दोन गॅलरीवाल्यांचं सहन करणं. ज्याच्या पैशावर प्रदर्शन होतंय तोच हसण्याचा विषय, आणि त्याला ते मंजूर. आपल्याकडे प्रायोजकाचं नाव बॅनरवर गणपतीच्या फोटोपेक्षा दोन बोटं लहान राहिलं तरी पुढच्या वर्षीची वर्गणी अडते.

आता आपल्याकडची खोडी. पुणेरी पाटीवर इतकं लिहून झालं आहे की तिचा चोथा झाला. पण एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. फेसबुकवर फिरणाऱ्या हजार बनावट पाट्या बाजूला ठेवा आणि पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या दारावरची खरी पाटी पाहा. पत्र्यावर ऑइलपेंटनं काढलेली, पेंटरनं वेलांटी जरा जास्तच वळवलेली, खालच्या कोपऱ्यात गंज. ‘फाटकासमोर गाडी लावल्यास चाकातली हवा सोडण्यात येईल.’ आणि त्याखाली, ‘हुकूमावरून’. हुकूम कुणाचा ते सगळ्या गल्लीला ठाऊक असतं, कारण हुकूम करणारा वरच्या मजल्याच्या गॅलरीत पेपर वाचत बसलेला असतो. भांडायला वर जा, तो भांडायला तयार आहे. त्या पाटीची सगळी ताकद या हजर असण्यात आहे. निनावी पाटी नुसती कुचकी ठरते.

तीच गोष्ट गणेशोत्सवातल्या देखाव्यांची. जगभरच्या संग्रहालयांत ज्याला इन्स्टॉलेशन म्हणून तिकीट लावतात ते पुण्याच्या पेठांत दहा दिवस फुकट असतं, आणि ते समजून घ्यायला कुणाला कॅटलॉग लागत नाही. रस्त्यावर मांडव, त्यात माणसाच्या उंचीचे पुतळे, कुणाचा हात मोटारवर हलतोय, कुणाची मान वळतेय, आणि भोंग्यावर कडक आवाजात निवेदन. जिवंत देखाव्यात तर गल्लीतलीच पोरं हुंडा मागणारा बाप आणि लाच खाणारा साहेब होतात. संपलं की आवाज येतो, ‘पुढे चला, पुढे चला’, आणि रांग सरकते. कातेलानचे मेणाचे पुतळे पाहताना मला दर वेळी हे देखावे आठवतात. लहान मुलाच्या अंगावर प्रौढ हिटलरचा चेहरा बसवून त्यानं २००१ मध्ये त्याला गुडघ्यावर बसवलं, प्रार्थना करताना. मागून चालत येणाऱ्याला शाळकरी पोरगा दिसतो, पुढे गेल्यावर पोटात गोळा येतो. ही करामत कोणत्याही तालेवार मंडळाच्या कार्यकर्त्याला एका वाक्यात कळेल. उलट अलीकडे मंडळांचा ओढा मंदिरांच्या प्रतिकृती आणि रोषणाईकडे वाढला आहे. दिसायला ते झकास असतं, फोटो छान येतात, आणि मुख्य म्हणजे त्यावरून कुणाचा फोन येत नाही.

फोन येतो तेव्हा काय होतं, हा खरा प्रश्न. तो वॉर्सातही आला होता. कातेलाननं १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांचा मेणाचा पुतळा केला: आकाशातून पडलेल्या उल्केखाली चिरडलेले, लाल गालिच्यावर आडवे, हातात क्रूस मात्र घट्ट धरलेला. २००० सालच्या डिसेंबरात तो झाखेंता या राष्ट्रीय कलादालनात लागला, म्हणजे पोपच्या स्वतःच्या देशात. पोलंडच्या संसदेतले दोन सदस्य दालनात शिरले, त्यांनी उल्का बाजूला सारली आणि पोपना उभं करायचा प्रयत्न केला. (माझ्या मते त्या शिल्पाची याहून चांगली पूर्तता कुणाला सुचली नसती. दोन राजकारणी, दोन बाजूंनी धरलेले मेणाचे धर्मगुरू.) पण त्यापुढचं हसण्यासारखं नाही. दालनाच्या संचालिका आंदा रोटेनबर्ग यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, त्यांच्या ज्यू असण्यावर घसरून झालं, आणि शेवटी त्यांना पद सोडावं लागलं. कातेलानचं काय बिघडलं? काही नाही. पुतळ्याचा भाव वाढला. खोडी त्यानं काढली आणि भरपाई तिनं केली, असा तो हिशेब आहे, आणि कातेलानची स्तुती करणारे लेख ही ओळ बऱ्याचदा गाळतात.

मिलानही काही संत नाही. २००४ च्या मे महिन्यात कातेलाननं तिथल्या एका चौकातल्या जुन्या ओक झाडाला तीन मुलांचे पुतळे टांगले, गळ्यात फास, डोळे उघडे, पाय अनवाणी. एका रहिवाशाला ते बघवेना. तो शिडी लावून चढला, दोन पुतळे कापून खाली सोडले आणि स्वतःच पडून जखमी झाला. प्रदर्शन तिथंच आटोपलं. या प्रकरणात माझी सहानुभूती त्या शिडीवाल्याकडे आहे, हे सांगून टाकतो. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या वाटेवर असं काही पूर्वसूचनेशिवाय टांगणं हा कलावंताचा हक्क आहे असं मला वाटत नाही. पण फरक पाहा: तो माणूस दिवसाढवळ्या, स्वतःच्या तोंडानिशी चढला. कुणाच्या नावानं मोर्चा नाही, कलावंताला आत टाका अशी मागणी नाही.

आपल्याकडे असे निर्णय रात्रीत होतात. २०१० मध्येच, मिलानमध्ये तो हात उभा राहिला त्याच वर्षीच्या डिसेंबरात, लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा काढला गेला. ठराव महापालिकेच्या सभागृहाचा, पण काढायची वेळ मध्यरात्र उलटल्यानंतरची. जानेवारी २०१७ मध्ये जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा रात्रीतून फोडून मुठेत टाकला गेला. इतिहासाच्या वादात कोण बरोबर, यात मी इथं शिरत नाही. तो वेगळा आणि अभ्यासाचा विषय आहे. गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणाबद्दल आक्षेप असू शकतो आणि तो मांडता आला पाहिजे. पण कुणी मांडला, कुणी ऐकला, कुणी उत्तर दिलं, अशी कागदावरची एकही पायरी न चढता प्रश्न निकालात निघाला. तोही ‘बाळकराम’ या नावानं महाराष्ट्राला हसवणाऱ्या लेखकाच्या बाबतीत. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांनी रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतींवर परीक्षेचं नाटक केलं, तेव्हा प्रयोग उधळला गेला आणि अटक झाली ती विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना. जामीन मिळाला, ते ठीक. पण त्यानंतर कुठल्याही महाविद्यालयातला कुठलाही शिक्षक संहिता वाचताना कोणत्या ओळीवर पेन्सिलनं फुली मारतो, ते सांगायला संशोधन नको.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे, आणि तो लहान नाही. कातेलानसारखे लोक शेवटी श्रीमंतांचे विदूषक असतात, असा तो आक्षेप. २०१९ च्या डिसेंबरात मायामीच्या कलाबाजारात त्यानं भिंतीवर एक केळं चिकटपट्टीनं लावलं. विकलं त्याच पेरोताँनं, भाव १,२०,००० डॉलर. त्याच्या तीन प्रती होत्या. विकत मिळतो तो दाखला आणि केळं कसं लावायचं याच्या सूचना, केळं आपलं आपण आणायचं. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यातली एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेली, म्हणजे पन्नास कोटी रुपयांच्या वर. घेणारा क्रिप्टोवाला जस्टिन सन. त्यानं हाँगकाँगला पत्रकार जमवून ते खाल्लं. लिलावातलं ते केळं रस्त्यावरच्या एका गाडीवरून ३५ सेंटला घेतलेलं होतं, आणि विकणारा होता बांगलादेशातून आलेला एक म्हातारा.

हे केळं मला कातेलानची सगळ्यात फुसकी खोडी वाटते. १९९९ मध्ये त्याच चिकटपट्टीनं त्यानं गॅलरीच्या मालकाला भिंतीवर डकवलं होतं, तेव्हा घाम मालकाला फुटला होता. वीस वर्षांनी भिंतीवर फळ आलं आणि घाम कुणालाच फुटला नाही. बाजारानं टाळ्या वाजवल्या, फळ खाल्लं, पावती फाडली. कुणाला तरी टोचल्याशिवाय थट्टेला अर्थ नसतो, आणि ज्याला टोचायचं तोच गिऱ्हाईक झाला की ती करमणूक होते. २०२३ मध्ये कातेलान आणि पिएरपाओलो फेरारी यांच्या ‘टॉयलेटपेपर’ या छायाचित्रांच्या नियतकालिकाचं प्रदर्शन मुंबईत बीकेसीतल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये लागलं होतं. रंगीबेरंगी, फोटोजोगं, मजेदार. एवढ्या जवळ येऊन हा गडी कुणालाही चिमटा न काढता परत गेला, याची रुखरुख मला अजून आहे.

दुसरा आक्षेप हाताचा. कातेलान स्वतः काही घडवत नाही. पोप, हिटलर आणि असे कितीतरी मेणाचे पुतळे पॅरिसचे शिल्पकार दानिएल द्र्युए यांनी घडवले. त्यांनी श्रेयासाठी कोर्टात धाव घेतली; २०२२ मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं दावा फेटाळला, कारण त्यांनी कातेलानऐवजी गॅलरी आणि संग्रहालयावर तो लावला होता. कायद्यानं ठीक असेल. पण दालनातल्या पट्टीवर द्र्युए यांचं नाव घालायला कुणाचं काय जात होतं? कल्पना ज्याची त्याचं नाव मोठं, हे समजू शकतो. पण ज्यानं हातानं केलं त्याचं नावच नाही, हे बरं नव्हे. आपण मात्र यावरून फ्रेंचांना शिकवायला जाऊ नये. कुठल्याही चौकातल्या पुतळ्याची कोनशिला वाचा. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, महापौर, उपमहापौर, स्थायी समितीचे अध्यक्ष, सभागृहनेते, विरोधी पक्षनेते, आयुक्त, स्थानिक नगरसेवक, ‘यांच्या विशेष प्रयत्नातून’. शिल्पकाराचं नाव सापडलंच तर पुतळ्याच्या पायाशी, धुळीत, बोटानं चाचपून.

तर मग असा माणूस पुण्याला कशाला हवा? माणूस नकोच आहे. इथं आहेत तेवढे पुरेत. हवी आहे ती व्यवस्था, जी त्याच्या चांगल्या कामांमागे होती. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१६ मध्ये त्याचा १८ कॅरेट सोन्याचा, वापरता येणारा संडास बसवला. एक लाखाहून जास्त लोक रांगा लावून बसून आले. पुढच्या वर्षी व्हाइट हाउसनं या संग्रहालयाकडे व्हॅन गॉगचं एक चित्र उसनं मागितलं, तर क्युरेटर नॅन्सी स्पेक्टर यांनी उत्तर पाठवलं: चित्र देता येणार नाही, हवा तर हा संडास नेऊ शकता. ते सभ्य भाषेतलं सरकारी छापाचं पत्र, खाली स्वतःची सही, ही मला त्या संडासाइतकीच मोठी कलाकृती वाटते. आणि २०२४ ची व्हेनिस बिएनाले. पोपवर उल्का पाडणाऱ्या याच माणसाला व्हॅटिकननं आपल्या दालनासाठी बोलावलं. दालन होतं ज्युदेक्का बेटावरच्या बायकांच्या तुरुंगात, आणि कातेलाननं त्याच्या बाहेरच्या भिंतीवर दोन उघडी, मळकी पावलं रंगवली. पोप फ्रान्सिस स्वतः तिथं येऊन गेले. पंचवीस वर्षांत चर्चनं जे केलं ते पाहता, थट्टा झेलल्यानं कुणी लहान होतं असं दिसत नाही.

पुणे महापालिका कलेवर खर्च करत नाही, असं मात्र नाही. उड्डाणपुलांचे खांब रंगले आहेत, जी-२० च्या बैठकांच्या निमित्तानं २०२३ मध्ये भिंतींवर चित्रं आली, चौकाचौकात ‘आय लव्ह’ची अक्षरं आणि सेल्फी पॉइंट झाले. मोर, वारकरी, ढोलताशा, पुन्हा मोर. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं महापालिकेचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात हे कुणी ठरवलं, का ठरवलं, असं सभागृहात उठून विचारायला नगरसेवकच नव्हते. या चित्रांवर माझा राग नाही. पण ती पाहून आजवर एकाही पुणेकरानं दुसऱ्या पुणेकराशी वाद घातल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि या शहरात हे लक्षण बरं समजलं जात नाही.

याच शहरात आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चा पुतळा आहे. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा. आयुष्यभर मंत्र्यांच्या मागे गप्प उभं राहून त्यांची फजिती बघणारा माणूस. २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी त्याचं अनावरण केलं. आणि तो कुठे आहे? सिम्बायोसिसच्या आवारात, एका खासगी शिक्षणसंस्थेच्या जागेत. संस्थेनं ते केलं, तिला दाद द्यावी. पण महापालिकेच्या मुख्य इमारतीच्या दारात, आत जाणाऱ्या प्रत्येक फाइलकडे बघत तो उभा करावा, असं कुणाला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल.

लंडनमध्ये ट्राफल्गर चौकातला चौथा चौथरा १५० वर्षं रिकामा पडला होता. १९९९ पासून त्यावर पाळीपाळीनं आजच्या कलावंतांची कामं उभी राहतात. नौसेनापती नेल्सनच्या शेजारी २०१३ मध्ये निळाशार कोंबडा आला, २०१६ मध्ये डेव्हिड श्रिगलीचा सात मीटर उंच अंगठा, इतका लांब की शाबासकीच वेडगळ वाटावी. लोक चिडतात, पेपरात पत्रं लिहितात, आणि मुदत संपली की काम उतरतं. ही मुदतच मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. कायमचा पुतळा म्हटला की पुढच्या दहा पिढ्यांची अस्मिता त्याला चिकटते. वर्षभराच्या कामाशी माणूस वर्षभर भांडतो आणि मोकळा होतो. दहा दिवसांत मांडव उभारून उतरवणाऱ्या शहराला हे नव्यानं शिकवावं लागू नये.

तर जंगली महाराज रस्त्याच्या रुंद केलेल्या पदपथावर, बालगंधर्वच्या अलीकडे किंवा पलीकडे, एक चौथरा महापालिकेनं बांधावा. कुणा महापुरुषाच्या शेजारी नको, म्हणजे तो वाद आधीच मिटला. काम वर्षभरासाठी. निवड करणाऱ्यांत अभिनव कला महाविद्यालयातलं कुणी असावं, एखाद्या जुन्या मंडळाचा देखावे केलेला कार्यकर्ता असावा, आणि पाट्या रंगवणारा एक पेंटर. निवडीचं कारण मराठीत, अर्ध्या पानात, सहीनिशी चौथऱ्यावर लावावं. घडवणाऱ्या कारागिराचं नाव त्याच आकाराच्या अक्षरांत. लहान मुलांच्या नजरेला न झेपणारं काही असेल तर ते तिथं नको, हा नियम आधीच लिहून ठेवावा. ओकच्या झाडाचा धडा तेवढा घेण्यासारखा आहे. ज्याला आक्षेप आहे त्यानं नावानिशी लेखी द्यावा, महिन्याभरात त्याला लेखी उत्तर मिळावं, आणि आक्षेप व उत्तर दोन्ही तिथंच लोकांना वाचायला ठेवावीत. मुदतीआधी काम काढायचं तर ते सभागृहात मतदान घेऊन, दिवसा काढावं.

खड्डे आधी बुजवा, असं कुणी म्हणेल. जरूर बुजवावेत. पण उड्डाणपुलाच्या खांबांवर मोर काढताना हा सल्ला कुणी दिल्याचं आठवत नाही, आणि पहिल्या वर्षीच्या कामासाठी कुणी खड्ड्याचाच विषय घेऊन आलं, तर ज्या अभियंत्याच्या खात्यावर ते काम असेल त्याच्याच सहीनं त्याला मंजुरी मिळायला हवी.